डुकराच्या मूत्रपिंडाची वाट पाहावी, की आईंचे ‘न जुळणारे’ मूत्रपिंड घ्यावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुमचा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे आणि गेले दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतो. त्याचा रक्तगट ओ आहे. आई ६१ वर्षांच्या आहेत आणि मूत्रपिंड द्यायला मनापासून तयार आहेत, पण त्यांचा रक्तगट बी असल्याने ‘जुळत नाही’ एवढे सांगून तो विषय एका रुग्णालयात बंद झाला. वडील हयात नाहीत आणि तुम्हाला स्वतःला मधुमेह आहे. अशात भावाने वाचले की अमेरिकेत जनुके बदललेल्या डुकरांची मूत्रपिंडे माणसांना बसवू लागले आहेत. तो आता म्हणतो की दोन-तीन वर्षांत हे आपल्याकडेही येईल, तोवर आईच्या पोटाला सुरी लावायची नाही. आई माळकरी आहेत आणि डुकराचे नाव काढले की जेवणावरून उठतात. तुम्ही विचारले आहे की हे तंत्रज्ञान खरे आहे का, ते सुरक्षित आहे का आणि थांबावे का.

गेली २६ वर्षे मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातली बरीच वर्षे प्रत्यारोपणाच्या रुग्णांसोबत गेली आहेत. तंत्रज्ञान खरे आहे. सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहिते. थांबण्याबद्दलचे माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते: थांबू नका. तुमच्या घरापुढचा खरा प्रश्न डुकराचा नाहीच. ‘जुळत नाही’ या दोन शब्दांवर विषय कसा संपला, हा खरा प्रश्न आहे. गंमत अशी की डुकराच्या मूत्रपिंडामागचे विज्ञान नीट समजून घेतले, तर आईंच्या मूत्रपिंडाबद्दलचे उत्तरही त्यातूनच मिळते. म्हणून थोडा धीर धरून वाचा.

अडचण एका साखरेपासून सुरू होते. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती असते, पण आपल्या पूर्वजांच्या शाखेत ती बनवणारे जनुक सुमारे २ ते ३ कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. त्यामुळे माणसात आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत ती नाही. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र तशाच साखरा असतात, आणि त्यांच्याशी रोजचा संबंध येत असल्याने लहानपणापासूनच आपल्या रक्तात या साखरेविरुद्धची प्रतिपिंडे तयार होऊन बसलेली असतात. साध्या डुकराचे मूत्रपिंड माणसाला जोडले तर ही प्रतिपिंडे क्षणात त्याच्या अस्तराला चिकटतात, रक्तातली परक्या पेशी फोडणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने जागी होतात, अस्तर फाटते आणि रक्त गोठते.

हे पाहायला कसे असते ते सांगते. मानवी प्रत्यारोपणात शिरेवरचा आणि धमनीवरचा चिमटा सोडला की फिकट, राखाडी, बर्फातून काढलेले मूत्रपिंड बघता बघता गुलाबी होते, हाताला टणक लागते, आणि नशीब चांगले असेल तर काही मिनिटांत मूत्रवाहिनीच्या टोकाशी लघवीचा पहिला थेंब दिसतो. त्या वेळी शस्त्रक्रियागृहात सगळे जण एकाच जागी बघत असतात. प्रतिपिंडांचा तत्काळ हल्ला झाला तर तेच मूत्रपिंड गुलाबी होता होता ठिपकेदार निळे पडते आणि मऊ होते. मी माझ्या कारकिर्दीत हे एकदाच पाहिले, तेही मानवी मूत्रपिंडाचे, आणि ते विसरणे मला अजून जमलेले नाही. साध्या डुकराच्या बाबतीत हेच होणार हे ठरलेले होते. म्हणून कित्येक दशके हा विषय पुढे सरकला नाही.

आता तुमच्या आईंकडे येते. रक्तगट बी म्हणजे तरी काय? लाल पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेली एक साखरच. तिची रचना डुकराच्या अल्फा-गॅलच्या इतकी जवळची आहे की दोघींना चुलत बहिणी म्हणावे. फरक आहे तो बाजूला जोडलेल्या एका छोट्या साखरेचा. तुमचा भाऊ ओ गटाचा असल्याने त्याच्या रक्तात बी साखरेविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासून, बहुधा त्याच आतड्यातल्या जिवाणूंमुळे, तयार झालेली आहेत. म्हणजे आईंचे मूत्रपिंड आणि डुकराचे मूत्रपिंड यांच्या वाटेत पहिली भिंत एकाच प्रकारची आहे. आईंच्या बाजूची भिंत पुष्कळ ठेंगणी आहे आणि ती ओलांडायची वाट जपानी डॉक्टरांनी १९८९ पासून मळवलेली आहे, कारण तिथे मेंदूमृत दाते फारच कमी मिळत. आपल्याकडेही अनेक मोठ्या केंद्रांत रक्तगट न जुळणारी प्रत्यारोपणे नियमित होतात.

डुकराच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी उलटी वाट धरली. रुग्णाची प्रतिपिंडे काढून पुरत नाही, तर मग प्राण्यातली साखरच काढावी. त्यासाठी डुकराच्या शरीरातल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांतल्या जनुकांत हवा तो बदल करतात, अनेक पेशींमधून बरोबर बदल झालेली पेशी निवडतात आणि तिचे केंद्रक, केंद्रक काढून टाकलेल्या डुकरिणीच्या अंड्यात घालतात. तयार झालेला भ्रूण दुसऱ्या डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवतात. ११४ दिवसांनी पिल्ले जन्मतात. डॉली मेंढी ज्या पद्धतीने जन्मली तीच ही पद्धत. डुकराची अशी पहिली पाच पिल्ले मार्च २००० मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग इथे जन्मली. पुढच्या दोन-तीन वर्षांत अल्फा-गॅल नसलेली डुकरेही झाली. तेव्हा हे काम अतिशय किचकट होते. २०१२ नंतर क्रिस्पर हे जनुक कापण्याचे साधन हाती आल्यावर वेग वाढला. माकडाऐवजी डुक्कर का, असेही लोक विचारतात. डुकराचे अवयव आकाराने माणसाच्या जवळचे असतात, एका वेताला आठ-दहा पिल्ले होतात, ती काही महिन्यांत हवी तेवढी वाढतात, आणि माकडांकडून माणसात रोग येण्याची भीती अधिक असते.

बातम्यांत ‘१० जनुकांचे बदल’ आणि ‘६९ बदल’ असे आकडे येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की ६९ वाले डुक्कर सातपट चांगले. तसे नाही. रिव्हिव्हिकोर कंपनीच्या १० बदलांच्या डुकरात अल्फा-गॅलसह तीन साखरा बनवणारी जनुके बंद केली आहेत. चौथे बंद केले आहे ते वाढीच्या संप्रेरकाला दाद देणारे जनुक, कारण बबून माकडांतल्या प्रयोगांत डुकराचे हृदय छातीत बसवल्यावरही वाढतच राहिले होते. उरलेली सहा जनुके माणसाची, नव्याने घातलेली: दोन कॉम्प्लिमेंटला आवरणारी, दोन रक्त गोठू न देणारी, आणि दोन प्रतिकारशक्तीच्या पेशींना व दाहाला शांत करणारी. ईजेनेसिस कंपनीच्या डुकरात तीन साखरा बंद आणि माणसाची सात जनुके घातलेली आहेत. राहिलेले ५९ बदल एकाच कामासाठी आहेत. डुकराच्या जनुकसंचात फार जुन्या काळापासून काही विषाणूंच्या प्रती कोरल्यासारख्या बसलेल्या असतात, आणि त्या प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करू शकतात असे १९९७ मध्ये दिसले होते. त्या सगळ्या प्रती या ५९ बदलांनी निकामी केल्या आहेत. जिवंत रुग्णात असा विषाणू डुकराकडून आल्याची नोंद आजवर नाही. त्यामुळे हे काम आवश्यक होते की अतिरिक्त खबरदारी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला व्यक्तिशः ही खबरदारी योग्य वाटते, कारण धोका झालाच तर तो रुग्णापुरता राहणार नाही.

विषाणूंचा धोका काल्पनिक नाही हे पहिल्याच रुग्णाने दाखवले. जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या गृहस्थांना जनुके बदललेल्या डुकराचे हृदय बसवले. ते सुमारे दोन महिने जगले. नंतर त्या हृदयात डुकरांतला सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू सापडला. आधीच्या तपासण्यांत तो निसटला होता. तेव्हापासून तपासण्या फार कडक झाल्या.

आता मूत्रपिंडांचे रुग्ण, कारण भावाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. यांची नावे आणि हकिकती त्यांनी आणि रुग्णालयांनी स्वतः जाहीर केल्या आहेत.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड स्लेमन यांना मूत्रपिंड बसवले. वय ६२, मधुमेह, आधीचे मानवी मूत्रपिंड निकामी झालेले. सहाव्या दिवशी त्यांचे क्रिएटिनीन ११.८ वरून २.२ वर आले. तुमच्या घरात दीड वर्ष क्रिएटिनीनचे कागद येत आहेत, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको: रक्तात साठलेला कचरा झपाट्याने गाळला जात होता. आठव्या दिवशी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनी मूत्रपिंड नाकारण्यास सुरुवात केली. ती आपल्याला मानवी प्रत्यारोपणात ठाऊक असलेल्या प्रकारची होती, आणि ठाऊक असलेल्या औषधांनी आटोक्यात आली. ५२ व्या दिवशी मात्र ते अचानक गेले. शवचिकित्सेत मूत्रपिंड नाकारले गेल्याची खूण मिळाली नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या खूप आजारी होत्या आणि स्नायूवर जुने व्रण होते.

एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कला लिसा पिसानो यांना हृदयाचा पंप आणि डुकराचे मूत्रपिंड असे दोन्ही बसवले. पंपामुळे मूत्रपिंडाला पुरेसा रक्तपुरवठा मिळेना आणि ४७ दिवसांनी ते काढावे लागले. जुलैमध्ये त्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोवाना लूनी यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. या बाईंनी १९९९ मध्ये स्वतःच्या आईला मूत्रपिंड दिले होते, आणि पुढे त्यांचेच राहिलेले मूत्रपिंड निकामी झाले. डुकराचे मूत्रपिंड त्यांच्यात १३० दिवस चालले. मग त्यांना जंतुसंसर्ग झाला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली, आणि औषधे कमी होताच शरीराने मूत्रपिंड नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये बॉस्टनला टिम अँड्र्यूज यांना बसवलेले मूत्रपिंड २७१ दिवस चालले आणि ऑक्टोबरमध्ये, त्याचे काम मंदावल्यावर, काढले गेले.

२७१ दिवस म्हणजे नऊ महिने. जानेवारी १९६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कीथ रीम्ट्स्मा यांनी एका २३ वर्षांच्या शिक्षिकेला चिंपांझीची मूत्रपिंडे बसवली होती, आणि त्याही नऊ महिने जगल्या होत्या. साठ वर्षांनी आकडा तिथेच आलेला पाहून मी बराच वेळ विचारात पडले. दोन्हींची बरोबरी होत नाही, हे खरे आहे. चिंपांझी आपला जवळचा नातेवाईक, डुक्कर फार लांबचे, आणि इतक्या लांबच्या प्राण्याचे मूत्रपिंड मिनिटांऐवजी महिने चालणे ही फार मोठी मजल आहे. पण ज्याला तुमचा भाऊ ‘दोन-तीन वर्षांत येईल’ म्हणतो, त्याची आजची मजल दिवसांत मोजली जाते. जिवंत नातेवाइकाचे मूत्रपिंड वर्षांत मोजले जाते. माझ्याकडे आईचे मूत्रपिंड घेऊन १८ वर्षे झालेला एक रुग्ण दर तीन महिन्यांनी येतो.

या हकिकतींतून दोन गोष्टी मला ठळक दिसतात. एक, जनुकांच्या बदलांनी पहिली भिंत पाडली, पण तिच्यामागे आपली नेहमीची, सावकाश शिकणारी, दीर्घ स्मृतीची प्रतिकारशक्ती उभी आहेच. तिला आवरायला नेहमीपेक्षा जास्त औषधे लागतात आणि जास्त औषधांनी जंतुसंसर्ग होतो. लूनी यांच्या बाबतीत झालेली ओढाताण आम्ही मानवी प्रत्यारोपणातही पाहतो, फक्त तिथे दोरी इतकी ताणलेली नसते. शिवाय डुकराचे मूत्रपिंड लघवी गाळते, पण मूत्रपिंडाची बाकीची कामेही आहेत: रक्तदाब सांभाळणारे रेनिन आणि रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिन. डुकराचे रेनिन माणसाच्या प्रथिनाशी नीट जुळत नाही. या गोष्टी वर्षानुवर्षे रुग्ण पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

दुसरी गोष्ट मला तुमच्या भावाला समोर बसवून सांगायला आवडली असती. स्लेमन गेले ते हृदयाने. पिसानो यांचे मूत्रपिंड गेले तेही हृदयाच्या दुबळेपणापायी. डायलिसिस माणसाला जिवंत ठेवते, पण आठवड्यातून दोन-तीनदा चार तास केलेले काम निरोगी मूत्रपिंडाच्या रात्रंदिवस चालणाऱ्या कामाची जागा घेऊ शकत नाही. मधल्या दिवसांत पाणी साठते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो, फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांत चुना बसतो. जो माणूस पाच वर्षे थांबतो, तो पाच वर्षांनी त्याच हृदयानिशी येत नाही. माझे एक रुग्ण, माध्यमिक शाळेतले शिक्षक, पत्नीचे मूत्रपिंड घ्यायचे नाही म्हणून ‘काहीतरी नवीन निघेल’ या आशेवर चार वर्षे थांबले. शेवटी तयार झाले तेव्हा त्यांच्या हृदयाची ताकद इतकी घसरली होती की भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. पत्नी दाता म्हणून तेव्हाही तंदुरुस्त होत्या. त्या बाई अहवालांची पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

आणखी एक व्यावहारिक बाब. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत ज्या पहिल्या पद्धतशीर चाचणीला परवानगी दिली, ती सुरुवातीला ६ आणि पुढे ५० रुग्णांपर्यंत जाणार आहे, आणि तिच्यात ५५ ते ७० वयाचे असे रुग्ण घेतले जातात ज्यांना मानवी मूत्रपिंड मिळणे शक्य नाही किंवा पाच वर्षांत मिळण्याची आशा नाही. यामागचा विचार सरळ आहे: ज्याच्याकडे बरा पर्याय आहे त्याला प्रयोगात ओढू नये. ४१ वर्षांचा, आई दाता म्हणून तयार असलेला रुग्ण या चौकटीत बसत नाही. भारतात हा उपचार उपलब्ध नाही. कोणी पैसे घेऊन इथे किंवा परदेशात असे मूत्रपिंड मिळवून देतो म्हणाला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

आईंच्या मनातल्या प्रश्नाला मी हलके समजत नाही. माळकरी घरातल्या रुग्णांनी मला हा प्रश्न पूर्वीही विचारला आहे, आणि मुस्लिम कुटुंबांनीही. मी कोणालाही ‘विज्ञानात असे काही नसते’ म्हणून उडवून लावत नाही. शरीर रुग्णाचे आहे आणि त्यात काय घ्यायचे हे त्याने माहिती घेऊन ठरवायचे आहे. माहिती मात्र पूर्ण हवी. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते जगभर मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. हृदयाच्या झडपाही कित्येक वर्षे डुकराच्या ऊतींपासून बनवल्या जातात. त्या रसायनात मुरवून निर्जीव केलेल्या असतात, म्हणून शरीर त्यांना जिवंत अवयवासारखे नाकारत नाही. प्राण्यांची जनुके बदलून औषध मिळवणेही नवीन नाही: रक्त गोठण्याला आवर घालणारे अँटीथ्रॉम्बिन शेळीच्या दुधातून मिळवून त्याला युरोपात २००६ मध्ये आणि अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली होती. शेळीच्या बाबतीत दूध काढून शेळी गोठ्यात राहते. डुकराच्या बाबतीत ते मरते, आणि मरेपर्यंतचे त्याचे आयुष्यही बंदिस्त असते: जंतू लागू नयेत म्हणून पिल्लांना आईपासून दूर, गाळलेल्या हवेत वाढवतात, माती त्यांना कधी दिसत नाही. मी या संशोधनाच्या बाजूची आहे, कारण मी दर आठवड्याला दात्याअभावी खंगत जाणारे रुग्ण पाहते. पण या प्राण्यांचे ऋण आहे हे बोलून दाखवले पाहिजे, आणि आईंना त्याची बोचणी लागत असेल तर ती बोचणी योग्यच आहे असे मी त्यांना सांगेन. हेपॅरिनबद्दल त्यांना सांगायचे की नाही हे तुमच्या घरावर सोडते. भावाला मात्र ते माहीत असावे.

आता तुमच्यापुढचा मार्ग. इथे पुष्कळ काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तपासण्या पाहिल्याशिवाय मी आश्वासन देऊ शकत नाही.

भाऊ ओ गटाचा असल्याने त्याच्या रक्तातल्या बी-विरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण मोजता येते. त्याला टायटर म्हणतात; ते १:८, १:६४ असे लिहितात, आणि दुसरा आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडे जास्त. ते फार जास्त नसेल तर प्रत्यारोपणापूर्वी काही आठवडे रितुक्सिमॅब या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देतात, मग प्लाझ्माफेरेसिसच्या काही फेऱ्यांत रक्तातून प्रतिपिंडे काढतात, आणि टायटर साधारण १:८ किंवा त्याखाली आले की शस्त्रक्रिया करतात. पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. त्यानंतर प्रतिपिंडे पुन्हा थोडी वाढली तरी मूत्रपिंड बहुधा त्यांना सोसू लागते. असे का होते याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, पण होते हे आम्ही वारंवार पाहतो. रक्तगट जुळणाऱ्या प्रत्यारोपणापेक्षा खर्च जास्त येतो आणि सुरुवातीच्या काळात जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त असतो. हे मी लपवणार नाही. डायलिसिसवर वर्षानुवर्षे राहण्याशी तुलना केली तर मात्र, योग्य रुग्णात, पारडे प्रत्यारोपणाकडे झुकते. शिवाय आई आणि मुलगा यांचे ऊतींचे गुणधर्म निम्मे जुळलेले असतातच. डुकराशी त्यातले काहीच जुळत नाही.

दुसरी वाट अदलाबदलीची. आई आणि भावासारखीच दुसरी न जुळणारी दाता-रुग्ण जोडी असेल, तर २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर दोन कुटुंबे समितीच्या परवानगीने दात्यांची अदलाबदल करू शकतात. यात ओ गटाच्या रुग्णाला वाट जास्त पाहावी लागते, कारण ओ गटाचा दाता बहुतेक वेळा आपल्याच माणसाला देऊ शकतो. तरी नाव नोंदवायला काय हरकत आहे? मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीतही नाव नोंदवा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रे राज्यात आहेत आणि नोंदणी रुग्णालयामार्फत होते. या वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत.

आईंचे ६१ वय आड येत नाही; त्यांचा रक्तदाब, साखर, लघवीतले प्रथिन आणि दोन्ही मूत्रपिंडांचे वेगवेगळे काम नीट तपासले पाहिजे. त्यांत काही खोट निघाली तर मीच त्यांना दाता होऊ देणार नाही, आणि मग आपण पुन्हा नव्याने विचार करू. लूनी यांची गोष्ट वाचून भावाला जी भीती वाटेल ती या तपासण्यांनीच कमी होईल. त्याच्या मनातला ‘आईला कापायला नको’ हा भाव मी समजू शकते, पण निर्णय आईंचाही आहे. त्यांना दाता समुपदेशकाशी एकटीने, भाऊ समोर नसताना, बोलू द्या.

तोवर तीन गोष्टी सांभाळा. शक्य असेल तर डायलिसिस आठवड्यातून तीनदा करा. हृदयासाठी हे महत्त्वाचे आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. हिमोग्लोबिन कमी झाले तर घाईने रक्त चढवू नका, एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन आणि लोह यांवर भर द्या, कारण प्रत्येक बाटलीबरोबर परक्या ऊतींविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि मग आईंचेच काय, कोणाचेही मूत्रपिंड जुळणे कठीण होते. आणि वर्षातून एकदा हृदयाची टुडी-इको.

पहिले पाऊल म्हणून एवढेच करा: रक्तगट न जुळणारी प्रत्यारोपणे नियमित करणाऱ्या केंद्रात जाऊन भावाचे बी-विरोधी टायटर आणि आईंशी क्रॉसमॅच (आईंच्या पेशींविरुद्ध त्याच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का ते पाहणे) या दोन रक्ततपासण्या करून घ्या. टायटर १:६४ आले तर बोलणे एक, १:१०२४ आले तर वेगळे. अहवाल हाती आला की तो आकडा मला इथेच कळवा.